मला विचारू नका

बारामतीत खोली भाड्याने देताना लोक काय काय विचारतात, याचा मला तोवर भरपूर अनुभव आला होता. लग्न झालंय का, मटण करता का, माहेरची माणसं वरचेवर येतात का, पाणी किती लागतं. कन्हेरीच्या या गृहस्थांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "डावा हात दाखवा."

मला वाटलं, हस्तरेषा बघणार. इथूनही काढता पाय घ्यावा असं मनात आलं. तरी हात पुढे केला. त्यांनी लांबूनच बोटांकडे पाहिलं आणि खेदाने मान हलवली.

"नखं कापावी लागत्याल. खोली पायजे असंल तर."

"नखांचा आणि खोलीचा काय संबंध?"

"संध्याकाळी बसतो आमी समदी. चौथं मेंडोलिन रिकामं हाय."

तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, त्यास्नी आदी बसू तर द्या. च्या ठेवते."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले होते. पुस्तकांवर शिक्के मारायचे, कुणी नेलं ते टिपून ठेवायचं आणि परत आलं नाही तर पाठी लागायचं, हे माझं काम. आणि राहायला मिळालं कुणाकडे, तर ज्या माणसाने आयुष्यात स्वतःच्या एकाही गोष्टीवर शिक्का मारला नाही अशा माणसाकडे. त्याच दिवशी मी नखं कापली. खोली हवेशीर होती, हे खरं कारण. वाजवायला शिकेन असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

सगळे त्यांना आबा म्हणायचे, मीही म्हणू लागले. आबांची रोपवाटिका होती. डाळिंब, पेरू, ढोबळी मिरची, टोमॅटो. सकाळभर रोपं विकायची आणि दुपारी जेवण झालं की ओट्यावर बसून मेंडोलिनसाठी संगीत लिहायचं. एका मेंडोलिनसाठी नाही, चार-पाच जणांनी मिळून वाजवायचं. प्रत्येकाला वेगळा कागद, प्रत्येकाची वेगळी ओळ, आणि सगळ्या ओळी एकत्र आल्या की गाणं. सा रे ग म असं साधं देवनागरीत लिहिलेलं. कागद तयार झाला की त्याच्या झेरॉक्स निघायच्या आणि कोण मागेल त्याला मिळायच्या. पुढे फोन आला, मग फोटो काढून पाठवायला लागले. कधी कधी न मागणाऱ्यालाही मिळायच्या. मिरचीची रोपं न्यायला आलेल्या एका माणसाला त्यांनी रोपांच्या ट्रेवर दोन कागद ठेवून दिलेले मी पाहिलेत. तो म्हणाला, "आबा, मला ह्यातलं काय कळत न्हाय." आबा म्हणाले, "तुला कुठं वाजवाय सांगतोय? गावात कुणी असंल तर दे."

प्रत्येक कागदाच्या तळाशी एकच मजकूर असायचा: कुणीही वाजवा. बदला. मला विचारू नका.

लोक म्हणायचे, किती नम्र माणूस! नम्र कसला. त्यात जरब होती. कुणी खरंच विचारायला आलं तर ते चिडायचे. एकदा डाळजचा एक जण फोनवर म्हणाला, "आबा, तुमचं ते पाण्याच्या पाळीचं आमी वाजवू का कार्यक्रमात?" तर आबा कडाडले, "कागद वाचता येत न्हाय का तुला? तळाला काय लिवलंय?" आणि फोन बंद केला. बिचारा परवानगी मागून शिव्या खाणारा पहिलाच कलावंत असेल.

हे 'पाण्याची पाळी' त्यांचं मला सगळ्यात आवडणारं. कालव्याचं पाणी जसं एकेकाच्या शेताला पाळीने येतं, तसं त्यात एकेका मेंडोलिनला पाळीने सूर मिळतो, बाकीच्यांनी थांबायचं. फक्त चौथ्याने, म्हणजे मी, दुसऱ्याच्या पाळीत मधूनच चार सूर चोरून घ्यायचे. मी सुरुवातीला म्हटलं, "हे चुकून लिहिलंय का?" तर म्हणाले, "चुकून कशाला? कोणतरी रातचं कालव्याचं दार उचलतंयच की."

एवढं फुकट वाटण्याचं खूळ कुठून आलं, तर त्याला एक रुमाल कारणीभूत होता. तरुणपणी आबा लग्नाकार्यात वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात ट्रंका उचलायला होते. तिथले मेंडोलिनवाले उस्ताद वाजवताना डाव्या हातावर रुमाल टाकायचे. बोटं कुठे पडतात ते कुणाला दिसू नये म्हणून. समोरचे प्रेक्षक काय शिकणार होते? पण बाजूला उभा असलेला हा ट्रंकवाला शिकेल, ही भीती. "उमेदीची वर्सं मी रुमालाकडं बगत काढली," आबा सांगायचे. मग की-बोर्ड आला, एका माणसाला दहा वाद्यांचे आवाज काढता येऊ लागले, आणि मेंडोलिनं माळ्यावर गेली. त्या उस्तादांना विचारणारं कुणी उरलं नाही. आबांनी अशी माळ्यावरची मेंडोलिनं जमवली, तारा चढवल्या, आणि ओळखीपाळखीच्या माणसांच्या हातात दिली. कन्हेरीत आम्ही होतो: आबा स्वतः, शिंपीकाम करणारे हमीदभाई, गिरणीवाल्या मंदाकाकू आणि मी. निमगाव केतकीला एक गट उभा राहिला, डाळजला एक.

त्या रुमालावरून त्यांचा एक शब्द तयार झाला होता. शेजाऱ्याला बियाणं न देणारा, भाजीची कृती सांगताना एक मसाला गाळणारी, रस्ता विचारला तर उडवाउडवी करणारा, सगळे 'रुमालवाले'. मला ते चेष्टेत म्हणायचे, "तुमचं ग्रंथालय म्हंजे समदा रुमालच की वो."

त्यांच्या कागदांचा एक गोंधळ मात्र सांगायलाच हवा. वरच्या सप्तकातला सूर दाखवायला अक्षरावर टिंब देतात. म्हणजे ग वर टिंब आलं की झाला गं. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्याने वाचायला लागले, "गं गं, सां…" आणि मंदाकाकूंनी मागून ओ दिली, "काय गं?" रे चं तर विचारूच नका. आमच्या भागात साध्या बोलण्यातच रे चा रं होतो, त्यामुळे कुठला रे खालचा आणि कुठला वरचा यावर रोज वाद. आबा म्हणायचे, "हितली माणसं बोलत्यातच वरच्या सप्तकात, त्याला मी काय करू?"

एकदा निमगावच्या गटाने एक धून इतकी विचित्र वाजवली की आम्ही चाटच पडलो. मधल्या ओळीत सूर एकदम उडी मारून वर जायचे आणि लगेच खाली यायचे. कागद पाहिला तेव्हा उलगडलं. झेरॉक्सच्या काचेवर घाण होती, आणि त्या काळ्या ठिपक्यांनी जागोजागी अक्षरांवर टिंबं दिली होती. मला वाटलं, आता आबा झेरॉक्सवाल्याची पूजा बांधणार. त्यांनी ती ओळ पुन्हा वाजवायला लावली, डोळे मिटून ऐकली, आणि पेन काढून आपल्या मूळ कागदावर तशीच टिंबं देत म्हणाले, "झेरॉक्सवाल्याचा कान माज्यापरास बरा हाय."

गायन-वादनाचा क्लास चालवणारे एक सर त्यांना समजवायला आले होते. आबांच्या रचनांची रीतसर नोंदणी करा, नाहीतर कुणीतरी चोरून आपलं नाव लावेल, असं त्यांचं म्हणणं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चोरल्यावर त्याला ते वाजवावं लागंल का न्हाय?" सर म्हणाले, लागेल की. "मंग झालं तर. एका माणसाचा हात तरी चालंल." सरांनी वाद घालायला तोंड उघडलं, तेव्हा आतून आबांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, आवाज आला, "च्या ठेवते." विषय संपला.

काकूंची ही रीतच होती. भांडण कुठवर ताणायचं हे त्यांना बरोबर कळायचं. आवाज चढले की त्या कुणाचीच बाजू न घेता उठायच्या, "च्या ठेवते" म्हणायच्या आणि आत जायच्या. त्या एका वाक्याने त्या घरात किती वितुष्टं टळली असतील! आबा कुणाला न जुमानणारे, एकुलती लेक शैला त्यांच्यावर ताण. बापलेकीच्या मधे काकू होत्या म्हणून घर घर होतं.

काकू गेल्या त्या थोड्याशा आजाराने, कुणाला फार धावपळ करायला न लावता. तेराव्यानंतर आबा ओट्यावर बसले ते बरेच दिवस काही न लिहिता बसले. मग एका दुपारी त्यांनी कागद पुढे ओढला. गाणं झालं त्याचं नाव 'च्या ठेवते'.

मेंडोलिनचा सूर छेडला की लगेच विझतो. तो जिवंत ठेवायचा तर तारेवर नखी सतत झरझर फिरवत राहावी लागते. हे गाणं इतकं संथ होतं, की एकेका सुरावर हात थांबूच द्यायचा नाही. आबांनी आम्हाला एवढंच सांगितलं, "हात थांबला की ती गेली." पहिल्यांदा वाजवलं तेव्हा शैला आलेली होती. निमगाव केतकीला तिचं सासर. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती आणि शेवटी आत जाऊन हुंदके देऊन रडली. आम्ही सगळेच रडलो. हमीदभाई चष्मा पुसत म्हणाले, "आबा, ह्ये असंच ठिवा. घरातल्या घरात." दुसऱ्या दिवशी तो कागदही सगळीकडे गेला. तळाला नेहमीचा मजकूर होताच.

वर्षभराने शैला सकाळच्या एसटीने आली. उंबऱ्यातच तिने फोन आबांच्या पुढे धरला. कुठल्याशा गावातली वरात. टेम्पोवर बँजो, म्हणजे आपल्याकडे टायपरायटरसारखी बटणं असलेला असतो तो, ढोल, ताशा, कर्णे, आणि धुळीत नाचणारी माणसं. वाजत होतं ते 'च्या ठेवते'. पण कसं, तर चौपट वेगाने, ढोलाच्या ठेक्यावर उड्या मारत.

"आबा, हे काय हाय?"

"वरात हाय."

"आईचं गाणं हाय ते!"

"व्हय. वळकू आलं न्हवं तुला? मंग बरं वाजवलंय त्यांनी."

शैलाचा चेहरा लाल झाला होता. ती म्हणाली, "बाकीची काय वाटायची ती वाटा गावभर. ह्या एका कागदावर लिवा, ह्ये वाजवायचं न्हाय म्हणून. एवढं एकच मागती मी."

"एकावर रुमाल टाकला की समद्यावर टाकल्यागत हाय, पोरी."

"आईपरास तुमचा हट्ट मोठा हाय?"

"तुजी आई गेली," आबा म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता, त्यामुळेच जास्त लागला. "गाणं न्हाय गेलं. त्येला घरात डांबून ठिवू व्हय मी?"

शैलाने फोन पर्समध्ये टाकला. "ज्या दिवशी कागदावर लिवाल, त्या दिवशी ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठिवीन."

त्या घरात अशा वेळी जे वाक्य यायचं, ते यायला हवं होतं. आम्ही तिघंही नकळत स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होतो. ते वाक्य म्हणणारं आता कुणी नव्हतं, आणि माझी ते म्हणायची हिंमत झाली नाही. शैला पाणीसुद्धा न पिता निघून गेली.

त्यानंतर सगळे आबांच्या विरोधात गेले. मंदाकाकूंनी दोन आठवडे मेंडोलिनला हात लावला नाही. हमीदभाई म्हणाले, "एक कागद झाकला तर काय बिघाडतंय, आबा? पोर हाय." नातेवाइकांनी तर त्यांना वेड्यातच काढलं, बायकोचं गाणं वरातीत नाचवतो, असा कसला हा माणूस! आबा कुणाला बधले नाहीत. जेवण तुटलं, रात्री ओट्यावर खोकत बसायचे, शैलाला फोन लावायचे, ती उचलायची नाही. पण कागदावर ती ओळ काही आली नाही. उलट फोनवरची ती वरात पुन्हा पुन्हा लावून, बँजोवाल्याने काय बदललंय ते ते सूर न् सूर उतरवून काढत होते. मी रागावून म्हटलं, "लेक तुटली, आणि तुम्ही हे काय करताय?" म्हणाले, "लेक परत यील, न्हायतर न्हाय यायची. पण ह्यो गडी तिसऱ्या ओळीत काय करतोय ते बगा तरी!"

मला त्या क्षणी त्यांचा संताप आला होता. आज विचाराल तर सांगते, त्यांचं बरोबर होतं. ज्यांना ते बरोबर वाटत नाही त्यांनी आपापल्या माणसांची गाणी ट्रंकेत घालून कुलूप लावावं, माझी काही हरकत नाही.

मग शैलाच्या धाकट्या दिराचं लग्न निघालं. आमंत्रणाला शैला आली नाही, व्याही आले. आबांनी कोट झटकून काढला. मी सोबत गेले, कारण त्यांना एकट्याला पाठवायला मन होईना. निमगावात पोचलो तेव्हा परण्या निघायच्या बेतात होता, म्हणजे नवरदेवाची मारुतीच्या देवळाकडे जाणारी मिरवणूक. शैला करवलीच्या थाटात पुढे होती. तिने आम्हाला पाहिलं आणि नजर फिरवली.

टेम्पोवर बँजो होता. दोन गाणी झाली, तिसरं सुरू झालं, आणि आबांनी माझा दंड घट्ट धरला. 'च्या ठेवते'. तेच, उड्या मारणारं. शैला जागच्या जागी थबकली. मग तरातरा टेम्पोजवळ गेली आणि ओरडली, "बंद करा ते!"

बँजोवाला चाळिशीचा, चांगला आडव्या अंगाचा गडी होता. त्याने हात थांबवला. "का वो ताई? लई चालतंय ह्ये. लोकं नाचत्यात."

"कुणाचं हाय ते ठावं हाय का?"

"ठावं हाय की! आमचंच हाय," बँजोवाला छातीवर हात ठेवून म्हणाला. "आमच्या आज्याच्या टायमापासनं वाजवतोय आमी. लई जुना बाज हाय ह्यो."

माझं डोकं फिरलं. आज्याच्या टायमापासून! मी त्याला चार शब्द सुनवायला पुढे झाले, तर आबांनी चक्क माझ्या पायावर पाय दिला. आणि टेम्पोच्या फळीला धरून, मान वर करून त्याला म्हणाले, "आजोबांचं हाय व्हय? झ्याक हाय. मला शिकिवशील?"

"आता?" तो हसला. "तुमाला येतं का काय वाजवाय?"

"बोटं चालत्यात थोडीशी. ती तिसरी वळ तेवडी दाव. तिथं तू कायतरी करतोयस, ते मला घावंना झालंय."

एवढ्या मानाने विचारल्यावर तो तरी काय करणार? त्याने हात देऊन आबांना वर घेतलं. आपल्या शेजारी बसवलं, त्यांची बोटं बटणांवर ठेवली आणि दाखवू लागला. "ह्ये असं. न्हाय, न्हाय, उचला बोट. असं." आबा शहाण्या विद्यार्थ्यासारखे मान डोलवत होते. चुकत होते, पुन्हा करत होते. ढोलवाले खोळंबले होते. घोड्यावरचा नवरदेव मागे वळून पाहत होता. कर्ण्यातून सगळ्या निमगावभर एका म्हाताऱ्याचा चाचपडणारा हात ऐकू येत होता, आणि तो आपल्याच बायकोसाठी लिहिलेलं गाणं दुसऱ्याकडून शिकत होता.

मी शैलाकडे पाहिलं. ती बापाच्या बोटांकडे बघत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, डोळे भरून आले होते, आणि राग कुठे गेला नव्हता. मागून कुणीतरी मुहूर्त टळत चालल्याची ओरड केली. ती टेम्पोच्या फळीशी आली. वर्षभरात पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली.

"आबा, परण्या अडलाय. वाजवायचं असंल तर जलद वाजवा."

आबांनी वर पाहिलं. "किती जलद?"

"नवरदेव येळंवर पोचंल इतकं."

बँजोवाला सरकला. आबांनी नखी हातात घेतली आणि ढोलवाल्याला मानेनेच खूण केली. टेम्पो हलला. शैलाने पदर खोचला, डोळे दंडाला पुसले, आणि पुढे होऊन रस्त्यात गोळा झालेल्या सासरच्या सगळ्या माणसांवर ओरडली, "बगत काय हुबं राहिलाय? नाचा, न्हायतर वाट सोडा!"